शाळेसमोरची चिंच

माझी नात शाळेसमोरच्या चिंचेवर पाय हलवत बसली होती आणि मोठ्याने गोष्ट वाचत होती. ही जागा मी मुद्दाम निवडली आहे. "हिला वाचन जमायचं नाही," असं मोठ्या बाईंनी याच शाळेच्या दारात चारचौघांत सांगितलं होतं. त्याच दिवशी मी तिचं नाव शाळेतून काढलं. मग ती ओढ्यात डुंबली, सुगरणीची घरटी बघत हिंडली, आणि माझ्याकडून गोष्टी ऐकता ऐकता स्वतःच वाचू लागली. राग कालांतराने विरतो म्हणतात. माझा लोणच्यासारखा मुरला.

आज त्याच मोठ्या बाई बाहेर आल्या. "आजोबा, वर्गातली मुलं इकडेच कान लावून बसतात. जरा पलीकडे बसा ना."

जन्मभर बाजारात घासाघीस केलेला मी, इथे थोडाच मागे हटणार! "का हो बाई? हिला तर वाचताच येत नाही ना?"

त्या आल्या पावली परतल्या. माझा जीव थंड झाला.

तेवढ्यात शेजारच्या फांदीवर खार आली. ती बिचकू नये म्हणून नातीने आवाज अगदी खाली आणला. आता गोष्ट खिडक्यांपर्यंत पोचेना. "मोठ्यानं वाच की," हे शब्द माझ्या ओठांवर आले, आणि खारीकडे बघत मी ते गिळले.