खांद्यावरची घोंगडी

राहू गावच्या हरिबाचं पोर संपत. बापजाद्यांनी जन्मभर मेंढरं राखली, आन् हा बहाद्दर पुण्याच्या प्रयोगशाळेत कार्बनची नळी राखत बसला. नळी म्हंजी केसाहून हजारो पट बारीक. गावात सांगावं तर गेणबाआप्पा विचारायचे, पाणी किती येतं रं तिच्यातनं?

चार वर्षं संपतनं असल्या नळ्यांतनं वीज सोडली. पडद्यावर बाकीच्यांना नुसती खरखर दिसायची, त्याला ते नॉइज म्हणायचे. संपतला मात्र एक नळी वेगळी दिसली. तिचा रेझिस्टन्स, म्हंजी विजेला होणारा अडथळा, दोनच आकड्यांवर उड्या मारायचा, मेंढवाड्याच्या दारातल्या कोकरागत, घडीत आत, घडीत बाहेर. त्याचे मार्गदर्शक सर काही मानेनात. तुझा जोड ढिला असेल, म्हणायचे. चाळीस नळ्या जोडून झाल्या, पण उडी मारणारी ती एकच. डिसेंबर २००४ संपला की फेलोशिप संपणार. त्याआधी सरांच्या डोळ्यांदेखत दाखवायचं, न्हाईतर सगळी मेहनत पाण्यात.

सरांना दाखवायचं ठरलं त्या सकाळी तो पुण्याची गाडी धरायला केडगाव स्टेशनला निघाला, तवा आईनं, बानूबाईनं, नवी घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकली. चांगल्या कामाला धनगरानं घोंगडीबिगर जाऊ नये, हे तिचं ठाम मत.

"देवाची बैठक हाय ती. भुईला टेकवू नगंस."

प्रयोगशाळेत एसीचा गारठा, कोरडी हवा. टेबलं यंत्रांनी भरलेली, खुंटी कुठं न्हाई, खाली चपलांची रांग. देवाची वस्तू तिथं कशी टाकायची? राहिली खांद्यावरच. अंगावर साठलेली वीज जमिनीत सोडणारा अर्थिंगचा पट्टा रोज मनगटाला बांधायचा त्याचा नेम, पण तेवढ्यात सर आले आन् गडबडीत तो राहून गेला. लोकरीतनं ठिणगी उडते हे त्याला का ठाऊक नव्हतं? अहो, लहानपणी थंडीत अंगावरची घोंगडी झटकून तीच तर गंमत बघायचा!

नळी यंत्रात बसवायला त्यानं बोट पुढं नेलं. चट्ट!

एवढंच झालं. पडद्यावर रेघ सपाट. त्यानं जोड बदलला, परत लावला, परत बदलला. नळी जळून गेली होती. सर रागावले असते तरी बरं वाटलं असतं. ते पाठीवर हात ठेवून निघून गेले. हातातोंडाशी आलेला घास गेला, तोही स्वतःच्या हातानं. संपतला जीव नकोसा झाला.

संध्याकाळी बानूबाई उंबऱ्यातच उभी होती. घोंगडीला कुठं माती लागली न्हाई, हे तिनं आधी निरखून पाहिलं.

"आली का रं कामाला?"

"आली, आय," संपत म्हणाला आन् घोंगडी तिच्या हातात दिली. तिनं ती कपाळाला लावली.