वर तोंड केलेली चाकं

देवराव भाऊंनी पत्र्याचा कोपरा सोडला आणि कमरेला हात लावून ते तिथंच खाली बसले.

केनवडजवळच्या आमच्या वर्कशॉपमध्ये पेरणी यंत्रं बनतात. मी तिथं डिझाइन इंजिनीअर. भाऊ पत्रा कापायच्या मशीनचे सगळ्यात जुने ऑपरेटर. मी नवीन असताना माझ्यासाठी डब्यात एक भाकर जास्तीची आणायचे.

चेनपुलीनं पत्रा टेबलावर यायचा. तिथून तो ओढून, फिरवून मशीनच्या तोंडात द्यायचं काम मात्र हातांचं. डॉक्टरांनी भाऊंना ओझं उचलणं-ओढणं बंद करायला सांगितलं.

"देवरावले गेटवर बसवू," मालक म्हणाले.

"तिथं बसून काय करू, शेठ? गाड्या मोजू?" भाऊ हळूच बोलले, पण डोळे मशीनवर होते.

मी मालकांकडून थोडी मुदत मागितली आणि टेबलात बॉल ट्रान्सफर बसवले. ट्रॉलीची चाकं खाली असतात, म्हणून ट्रॉली चालते. इथं उलटं. चाकं जागेवरच, तोंड वर, आणि माल त्यांच्यावरून चालतो. चाकाऐवजी वाटीत बसवलेली स्टीलची गोळी असते. ती सगळीकडं फिरते, त्यामुळे पत्रा आडवा, तिरपा, गोल कसाही सरकतो.

ट्रायलला मी म्हटलं, "भाऊ, हळू लोटा."

पण अंगातली सवय. त्यांनी खांदा लावून लोटला. पत्रा सुसाट निघाला. समोर उभा असलेला हेल्पर रफिक बाजूला झाला म्हणून वाचला. पत्रा धाडकन फरशीवर आदळला.

"मॅडम, काय करून राह्यल्या तुमी? काढा हे!" मालक ओरडले.

"थांबा ना, शेठ," भाऊ मधे पडले. "बाईनं त्याले चालवलं, आता थांबवते बी."

मी मशीनचं तोंड सोडून टेबलाच्या बाकी कडांना लोखंडी अँगलचे स्टॉपर लावले, आतून जाड रबर. दुसऱ्या ट्रायलला मशीनसमोर कुणालाच उभं केलं नाही. भाऊंनी नुसता तळहात टेकवला. पत्रा वळला, रबराला लागला आणि थांबला. भाऊंनी तो परत मागं घेतला. पुन्हा फिरवला.

"भाऊ, रिकामा कायले फिरवता?" रफिकनं विचारलं.

"पाहून राह्यलो, वजन गेलं कुठं!"

भाऊ अजून त्याच मशीनवर आहेत. वर तोंड असलेल्या गोळ्यांत धूळ बसते. ती ते स्वतः पुसतात, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत.

मी आता कुठलंही डिझाइन काढताना आधी स्टॉपर कुठं बसेल ते आखते. जड वस्तू एकदा हलायला लागली की विचार करायला वेळ देत नाही.