तीनशे जीएसएम आणि बापूंचा अंगठा

कटिंग मशीनखाली दिवसभर कातरणं साठतात. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण झाडायला घ्यावं तर पोतंभर निघतात. आमच्या प्रेसमधले किस्सेही असेच साठलेत. सांगलीत आमचं दुकान. काम मुख्यतः जाड कार्डाचं, म्हणजे लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, हॉटेलांची मेनू कार्डं. माणसं आम्ही दोनच. गिऱ्हाईक आणि कॉम्प्युटर सांभाळणारी मी, आणि कागद सांभाळणारे बापू. बापू माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून इथे आहेत. त्यामुळे पाटीवर नाव आमचं असलं तरी दुकान बापूंचं आहे, हे मला लग्नानंतर आठवडाभरातच कळलं.

यातला एक किस्सा अश्विनीच्या पत्रिकेचा. तिचे थोरले काका लग्नाला येणार की नाही, हे सगळं त्या पत्रिकेवर अडलं होतं, आणि घोळ आमच्या दुकानात झाला होता. तो सांगायला मला अजून धीर गोळा करावा लागतो, म्हणून तो शेवटी!

*

कागदाची जाडी जीएसएममध्ये सांगतात. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद कागदाचं वजन जितके ग्रॅम, तितके जीएसएम. झेरॉक्सचा कागद सत्तर-पंचाहत्तर, बऱ्यापैकी पत्रिका तीनशे. हे मी रोज चार जणांना समजावते. चौघंही मान डोलावतात आणि जाताना भलतंच काहीतरी डोक्यात घेऊन जातात.

विट्याकडचे एक बागायतदार मुलाच्या लग्नाच्या हजार पत्रिका सांगून गेले. "तीनशे ग्रॅमचं कार्ड घ्या, चांगलं दिसेल," असं मी म्हटलं होतं. न्यायच्या दिवशी ते पिकअप टेम्पो, दोन दांडगे पुतणे आणि एक दोरखंड घेऊन हजर झाले. मी खोका उचलून काउंटरवर ठेवला. असेल नऊ-दहा किलोचा.

ते म्हणाले, "आणि बाकीचं?"

एक कार्ड तीनशे ग्रॅम, तर हजार कार्डांचं तीन क्विंटल, असा त्यांचा साधा सरळ हिशेब होता. पुतण्यांना त्यासाठी शेतातलं काम सोडायला लावलं होतं. आता मोकळा टेम्पो गावात न्यायचा कसा, हा प्रश्न पडला. तासाभरानं तो टेम्पो आमच्या दारावरून परत गेला, तेव्हा मागे सरकी पेंडीची पोती भरलेली होती, पोत्यांवर दोघे पुतणे बसले होते, आणि पत्रिकांचा खोका बागायतदारांच्या मांडीवर होता.

*

जुना प्रिंटर दमला, म्हणून नवा बघायचं ठरलं. पुण्याहून कंपनीचा एक तरुण इंजिनिअर डेमो द्यायला आला. टाय लावून, सांगलीच्या उन्हात! "मॅडम, साडेतीनशे जीएसएम आरामात घेतो," हे वाक्य त्यानं चहा यायच्या आत तीनदा म्हटलं. त्यानं स्वतः आणलेला कागद मशीननं झकास छापला. मग बापूंनी आमचं कार्ड पुढे केलं.

मशीननं ते आत घेतलं, कण्हलं आणि गप्प झालं. झाकण उघडून बघतो तर कार्ड दोन रोलरांच्या मध्ये अडकून वाकडंतिकडं झालेलं. त्या मशीनमध्ये कागद खालच्या ट्रेमधून निघून, पार मागे वळून, मग वर यायचा. पातळ कागदाला हे जमतं, जाड कार्ड अशा वळणावर मोडतं. इंजिनिअर बिचारा बाह्या वर करून ते चिमट्यानं ओढत होता.

बापू म्हणाले, "पाव्हणं, पुण्यास्नं येताना खंबाटकी घाट लागला आसंल न्हवं? आमच्या कार्डाला घाट चढवू नका. सरळ रस्ता असलेलं मशीन दावा."

शेवटी तीनशेपर्यंत घेणारं तसलं मशीन घेतलं. मागून कार्ड घालायचं, पुढून सरळ बाहेर. तो इंजिनिअर हल्ली दुसऱ्या गिऱ्हाइकांनाही पहिला प्रश्न हाच विचारतो म्हणे, तुम्हाला घाट चालेल का?

*

प्रिंटरला कागदाची जाडी सांगावी लागते. जाड सांगितलं की तो सावकाश चालतो, जास्त तापतो, आणि शाई, म्हणजे खरं तर पूड, कार्डावर घट्ट बसते. एकदा घाई होती. मी तीनशेचं कार्ड घातलं आणि मशीनला 'साधा कागद' असं सांगितलं. काय भराभर निघाली कार्डं! माझं मलाच कौतुक वाटलं.

कार्डं होती साताऱ्याच्या एका नव्या वकिलांची. चौथ्या दिवशी ते स्वतः सांगलीला आले. पांढरा शर्ट, आणि खिशावर त्यांचं नाव, पदवी आणि मोबाईल नंबर, सगळं उलटं उमटलेलं. खिशातलं कार्ड मात्र जवळजवळ कोरं. कोर्टात जज्जसाहेब बराच वेळ त्यांच्या खिशाकडे बघत होते, असं ते म्हणाले. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

बापूंनी शर्ट नीट निरखला. "वकीलसाब, छपाई झ्याक बसलीया. कापडावरच घेत जाऊ का हितनं फुडं?"

कार्डं नवीन करून दिली. तेव्हापासून मशीनवर बापूंनी एक चिठ्ठी डकवली आहे: 'जाडी खरी सांगणे.'

*

बापूंना मोजमाप लागत नाही. कार्ड अंगठा आणि बोटात धरायचं, कानाजवळ नेऊन एक टिचकी मारायची, झालं. कुपवाडच्या सप्लायरनं एकदा तीनशे म्हणून दोनशे सत्तरचं बंडल पाठवलं. बापूंनी टिचकी मारली आणि टेम्पोवाल्याला तिथूनच माघारी फिरवलं. सप्लायर काटा घेऊन भांडायला आला. काट्यानं बापूंच्या बाजूनं साक्ष दिली.

ही सवय घरीही जाते. एकदा जेवताना भाकरीचा तुकडा चिमटीत धरून ते बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, म्हणाले, "आज जरा साडेतीनशेची झालीया." काकूंनी ताट उचललं. "मग उद्यापास्नं मशीनवर काढा आणि खावा," म्हणाल्या. बापू हे स्वतःच सांगतात आणि स्वतःच हसतात.

त्यांचा दुसरा गुण म्हणजे कागद वाया घालवायचा नाही. चुकलेल्या छपाईच्या मागच्या बाजूचे पॅड होतात, कातरणांपासून पुस्तकात ठेवायच्या खुणेच्या पट्ट्या होतात. 'रद्दी' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची माझी हिंमत नाही.

*

आता अश्विनी.

तिचे वडील रिटायर्ड सुभेदार, राहायला कुपवाडला. त्यांचे थोरले भाऊ आप्पा, माधवनगरला. मध्ये दहा मिनिटांचा रस्ता, पण अकरा वर्षं दोघांपैकी कुणी तो ओलांडला नव्हता. भांडण कशावरून, तर कुणी म्हणतं बोअरवरून, कुणी म्हणतं म्हशीवरून. लहानपणी अश्विनी आप्पांच्या खांद्यावर वाढलेली. मजकूर घेऊन ती एकटीच आली आणि निमंत्रकांत पहिलं नाव आप्पांचं घालायला सांगितलं.

"नाव नसलं तर आप्पा येणार न्हाईत," ती म्हणाली. "आणि ते नसतील तर मला त्या लग्नात काय गोडी हाय?"

आम्ही तीनशेच्या कार्डावर एका बाजूनं चारशे पत्रिका छापल्या. न्यायला मात्र सुभेदार स्वतः आले. त्यांनी एक कार्ड भिंतीला टेकवून उभं केलं. कार्ड उंच होतं, मान टाकून पुढे वाकलं. "हे ढिलं हाय. कार्ड सावधानमध्ये उभं ऱ्हायलं पायजे." मग त्यांनी मजकूर वाचला. चेहरा बघून मी दोन पावलं मागे सरकले. आप्पांचं नाव काढायचं आणि कार्ड दुप्पट जाड करायचं, एवढं सांगून ते निघून गेले. अश्विनीचा फोन आला, तेव्हा ती रडत होती. मला फार वाईट वाटलं, पण पत्रिका तिच्या बापाची होती.

तीनशेच्या वर आमचं मशीन घेत नाही. म्हणून बापूंनी जुनी युक्ती केली: दोन कार्डं मैद्याच्या खळीनं एकावर एक चिकटवायची. वर नवीन छपाई, आप्पांचं नाव नसलेली. खाली जुनी चुकलेली पत्रिका, छापील बाजू आत आणि कोरी बाजू बाहेर. कोपऱ्यात कोऱ्या कार्डांची बंडलं पडलेली होती, पण त्यांना बापूंनी हात लावला नाही. कार्डं अशी कडक झाली की सुभेदारांनी टेबलावर उभं करून बघितलं आणि खूश होऊन गेले.

पहिली पत्रिका त्यांनी औंधला कुलदेवी यमाईपुढे ठेवली, बाकीच्या घरोघर वाटल्या. आठ-दहा दिवसांनी त्यांना तिथल्या पुजाऱ्यांचा फोन आला. देवीपुढचं कार्ड अभिषेकाच्या पाण्यानं भिजलं होतं आणि दोन्ही पापुद्रे सुटले होते. "सुभेदार, थोरल्यांचं नाव आत का वो दडवलंय?" असं पुजाऱ्यांनी अगदी सहज विचारलं आणि फोटोही पाठवला.

तो फोटो घेऊन सुभेदार दुकानात आले. मोबाईल काउंटरवर ठेवला. हळदीकुंकवात भिजलेलं कार्ड, आणि मधोमध आप्पांचं नाव.

"ही एकच अशी, का समदी?"

बापूंनी चष्मा काढून पुसला. "समदी. चारशेच्या चारशे."

सुभेदार स्टुलावर बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी सगळं संपवलं. मोबाईल उचलून तो फोटो पुन्हा बघितला.

"मजी आप्पाचं नाव चारशे घरात जाऊन बसलंय," ते म्हणाले. "त्याच्या घरी तेवढं न्हाई गेलं."

मग ते उठले आणि बापूंना म्हणाले, "एक कार्ड अजून काढा. मी सोता घेऊन जातो."

बापूंनी सवयीनं विचारलं, "किती जाडीचं?"

"कसलं बी चालंल," सुभेदार म्हणाले. "नाव तेवढं वर घ्या."