मोगऱ्याचे काटे

आमच्या कॉलेजात पोरांची व्यसनं हेरायचं काम शिक्षकांच्या गळ्यात पडलं होतं. म्हणजे काय, तर कॅन्टीनच्या मागे जाऊन कोणाच्या गालात गुटखा आहे ते बघायचं. पोरं आम्हाला हसायची आणि ते बरोबरच होतं. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मी वसईत केमिस्ट्री शिकवायचे.

एस.वाय.ची एक मुलगी विरारच्या फुलपाड्याहून यायची. अभ्यासात पुढे, बोलायला गोड, आणि एप्रिलच्या उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा ड्रेस. एकदा प्रॅक्टिकल संपल्यावर बेसिनपाशी टेस्ट ट्यूब धुताना तिची बाही वर सरकली. कोपरापर्यंत ओरखडे होते, काही जुने, काही ताजे.

"काय गं हे?"

"मावशीच्या वाडीत मोगरा खुडायला जाते, मॅडम. काटे लागतात."

"जपून गं," म्हणत मी वळले आणि तिथेच थांबले. माझा जन्म वसईच्या वाडीतला. लग्न होईपर्यंत रोज सकाळी कळ्या खुडायच्या आणि मग कॉलेज गाठायचं. मोगऱ्याला काटे नसतात. फ्लॅटमध्ये वाढलेल्या पोरीला वाटलं असेल, फुलझाड म्हटलं की काटे असणारच. मोगऱ्याला नसलेला तो काटा माझ्या अंगावर आला.

लॅब रिकामी झाल्यावर मी तिला स्टुलावर बसवलं.

"मोगऱ्याला काटे नसतात, बाळा."

तिनं बाही मनगटापर्यंत ओढून घेतली.

"मीच करते, मॅडम. नाही करायचं असं ठरवते. पण सुटत नाही."

'सुटत नाही' हे मी आजवर दारुड्यांच्या तोंडून ऐकलं होतं. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या तोंडून ते ऐकलं आणि मी हादरले. तुझ्याबरोबर घरी येऊ का, एवढंच विचारलं. तिनं मान डोलावली.

घरी तिच्या आईनं हौसेनं चहा टाकला. सुरुवात कशी करावी या विचारात मी कप हातात घेतला, तर तीच बोलू लागली.

"बरं झालं मॅडम, तुम्हीच आलात. त्या प्रयोगाच्या नळ्या जरा बऱ्यापैकी नाही का देता येत पोरींना? फुटतात आणि हिचे हात कापतात. मी आपली हळद लावते रोज."

पोरीनं मला वाडी सांगितली होती, घरी लॅब. दोन्हीकडे पटलं होतं. मी कप खाली ठेवला.

"आई," मुलगी म्हणाली, "कॉलेजात काच नाही फुटत."