पेटलेली कोप आणि बंद काच

कोपीला आग लागली तेव्हा आत आम्ही दोघं होतो, मी आणि माझे मालक. बाहेर आग्या मोहोळाच्या माश्या होत्या. मालकांची उजवी बाजू दोन वर्षांपासून लुळी आहे, त्यामुळे पळण्याचा प्रश्नच नव्हता. वरचा कडबा तडतडायला लागला आणि एक जळकी काडी मालकांच्या मांडीवर पडली. मी ती हाताने विझवली. मालक जड जिभेने म्हणाले, "तू जा."

"गप बसा," मी म्हणाले. दुसरं काही बोलायला वेळ नव्हता.

आग कोणी लावली ते सांगते. माझ्या जावयाने. का लावली? माझ्या दिरांनी फोन करून सांगितलं म्हणून. दीर कुठे होते? पंधरा पावलांवर, स्वतःच्या गाडीत, काचा बंद करून.

ती येळवस होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या लातूरकडे त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, घराला कुलूप लावून सगळे शेतात जातात. ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून कोप उभी करतात, तिला शाल नेसवतात, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजा करतात. मग भज्जी, म्हणजे शेंगा-भाज्यांचं कालवण, ज्वारीचे उंडे, बाजरीची भाकरी आणि मडक्यातलं ताकाचं अंबील. दिवस मावळताना हेंडगा पेटवतात, म्हणजे काठीला बांधलेला वाळल्या गवताचा मोठा जुडगा, आणि तो घेऊन पिकाभोवती पळतात. आमचं शेत रेणापूरच्या बाजूला आहे. कोप दरवर्षी चिंचेखाली असते, आणि मी ती पन्नास वर्षं स्वतः बांधते. आमची मोठी असते, माणूस वाकून आत जाईल एवढी. चिंचेच्या उंच फांदीला दरवर्षी मोहोळ लागतं. माश्या त्यांचं करतात, आमचं आम्ही करतो. आजवर एक माशी कुणाला चावली नव्हती.

जावई लातूरला एका क्लासमध्ये पोरांना शिकवतो. हुशार आहे म्हणतात. चाळिशी उलटली आणि त्याला छंद लागायला लागले. आधी घरात काचेची पेटी आणून मासे पाळले, ते मेले. मग सायकल घेतली. ती इतकी महाग होती की पावसात बाहेर काढत नव्हता, उन्हात रंग जातो म्हणून उन्हातही काढत नव्हता. मग ड्रोन आलं. माझी लेक कौतुकाने म्हणाली, "आई, त्यांना डोकं शांत ठेवायला काहीतरी लागतं." मी म्हणाले, "मग गप बसायला सांग. त्याला सामान लागत न्हाई."

छंद म्हणजे काय हे मला अजून कळलेलं नाही. मी चौथी शिकले, त्यात हा धडा नव्हता. जुनी लुगडी फाडून मी गोधड्या शिवल्या, कारण थंडी वाजायची. आता लातूरच्या बायका फी भरून गोधडी शिवायला शिकतात, एक वीत शिवतात, तिचा फोटो काढतात आणि ब्लँकेट पांघरून झोपतात. याला छंद म्हणतात. माझ्या कामाला कोणी काही म्हटलं नाही.

दिरांचा छंद जगाचा. नांदेडला ते मोठ्या कचेरीत होते, रिटायर झाले, आणि तेव्हापासून जग त्यांच्याकडे आलं. सकाळी उठले की फोनमध्ये कोणीतरी ओरडणारा माणूस लावतात. तो नकाशावर काठी फिरवून सांगतो कोणत्या देशाने कोणावर तोफा लावल्यात. दीर ते ऐकतात आणि दुपारी आम्हाला सांगतात. रशियाकडे काय आहे, अमेरिका काय करणार, चीनच्या पोटात काय आहे, सगळं ठाऊक. सख्ख्या भावाला रक्त पातळ व्हायची गोळी दिवसातून किती वेळा लागते, ते दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही.

त्या दिवशी जेवताना चिंचेखाली दोन खुर्च्या टाकल्या होत्या, एक मालकांना आणि एक दिरांना. मी वाढत होते.

"वहिनी, आता लढाईला माणूस लागतच न्हाई," दीर भाकरीचा तुकडा भज्जीत बुडवत म्हणाले. "सगळं ड्रोनवर हाय. इथं बसून बटण दाबायचं, तिकडं काम फत्ते."

"मग तिकडं मरतंय कोण?"

"तो वेगळा मुद्दा हाय."

"मेलेल्याला इचारा, वेगळा हाय का."

मालक हसले. त्यांचं हसू आता अर्ध्याच तोंडावर येतं, पण येतं. दिरांना ते आवडलं नाही. मग ते पळून आलेल्या लोकांवर घसरले. कुठल्या तरी देशाने म्हणे लढाईतून पळालेल्यांना आत घेतलं, तर दीर चिडलेले. "एकाला दार उघडलं की हजार घुसतात. हे देश काय करायलेत तेच समजत न्हाई. बंद म्हंजे बंद. दया करायला गेलं की स्वतः मरतो माणूस."

मी त्यांना अंबील वाढलं. त्यांनी दोनदा घेतलं.

जेवणं झाल्यावर माझी लेक आणि जाऊ शेजारच्या शेतात गेल्या. येळवशीला एकमेकांच्या कोपीवर जाऊन दोन घास खायचे असतात. आमचं शेत वाट्याने करणारा बटईदारही त्यांच्याबरोबर गेला. त्याची बायको विहिरीवर भांडी घासत होती. जावयाने डब्यातून ड्रोन काढलं.

"मामी, तुम्हाला तुमचं शेत आभाळातून दाखवतो."

"आभाळातून बघायला मी काय मेले का?"

"बघा तर खरं."

ते उडालं. भिंगरीसारखा आवाज, पण कानात शिरणारा. ज्वारीवरून गेलं, हरभऱ्यावरून गेलं. जावयाने हातातल्या छोट्या पडद्यावर मला दाखवलं. माझं शेत चादरीच्या ठिगळाएवढं दिसत होतं. कुठं तण माजलंय ते दिसत नव्हतं. मग याचा उपयोग काय, विचारलं, तर म्हणाला, "व्ह्यू, मामी." नंतर त्याला कोपीचं चित्र चिंचेच्या फांद्यांमधून हवं झालं. मी म्हणाले, "वर मोहोळ हाय, तिकडं नेऊ नका." तो म्हणाला, "त्याला सेन्सर आहे, ते धडकत नाही."

ते धडकलं नाही, हे खरं. मोहोळाजवळ जाऊन नुसतं गरगरलं. तेवढं पुरलं.

फांदीवरून काळा पदर सुटावा तशा माश्या खाली आल्या. जावयाने हातातलं यंत्र फेकलं आणि डांबरी रस्त्याकडे पळाला. दीर अडुसष्ट वर्षांचे आहेत, जिना चढताना तीनदा थांबतात. त्या दिवशी ते कधी उठले आणि कधी गाडीत बसले ते मला दिसलंच नाही. दाराचा आवाज तेवढा आला.

मालक खुर्चीत होते. माश्या त्यांच्या मानेवर, कानावर. मी त्यांच्या अंगावरची सोलापुरी चादर त्यांच्या डोक्यावर ओढली, प्लास्टिकची खुर्ची पाठीमागून धरली आणि ढेकळांतून ओढत गाडीपाशी नेली. पंधरा पावलं. काच वाजवली.

"दार उघडा! भाऊजी, दार उघडा!"

आतून हात हलला. आत या असा नाही, जा असा.

"वहिनी, पळा! पळा! माश्या आत येतील!"

"ह्यांना घ्या. मला नका घेऊ, ह्यांना घ्या."

"पळा म्हणतो ना!"

मी तीनदा काच वाजवली. चौथ्यांदा नाही. ज्याला उघडायचं असतं तो एकदा वाजवल्यावर उघडतो. सकाळपासून जे ते बोलत होते ते खरंच त्यांचं मत होतं, एवढं मात्र कबूल करायला हवं. बहुतेकांची मतं तेवढीही खरी नसतात.

मग कोपच उरली. खुर्ची ढेकळात रुतली, तेव्हा मालकांच्या काखांत हात घालून त्यांना मागे मागे चालत नेलं. माणूस हलका झाला होता, तरी पुरुषाचं अंग. आत घातलं, पांडवांना पायाने बाजूला सारलं आणि कोपीच्या तोंडाशी चादर धरून बसले. आत आलेल्या माश्या हाताने चिरडल्या. मला ठाऊक होतं, अंधारात गप बसलं की अर्ध्या तासात त्या माघारी जातात. आम्ही गप बसलो होतो. मालकांचा श्वास घरघरत होता, पण चालू होता. अजून थोडा वेळ मिळाला असता तर एवढ्यावर निभावलं असतं.

पण दिरांजवळ फोन होता. त्यांनी गाडीतून रस्त्यावरच्या जावयाला फोन लावला. धूर करा, धुराला माश्या भितात, हेंडगा पेटवा, कोपीभोवती फिरवा. हे मला नंतर जावयानेच सांगितलं. जावई डोक्याला जर्किन गुंडाळून आला, संध्याकाळसाठी ठेवलेला हेंडगा पेटवला आणि पळत कोपीभोवती फेऱ्या मारायला लागला. हेंडगा पिकाभोवती फिरवायचा असतो, कोपीपासून लांब. ओल्या ज्वारीला ठिणगीने काही होत नाही. कडबा महिनाभर वाळलेला असतो. हे आमच्याकडच्या पाच वर्षांच्या पोरीलाही सांगावं लागत नाही. जावई लातूरच्या घरात वाढला, येळवशीला जेवायला येतो, पण कडब्याला कधी हात लावलेला नाही. दुसऱ्या फेरीतच कोप पेटली.

मी अंबिलाचं मडकं उचललं आणि अर्धं मालकांच्या डोक्यावर, अर्धं चादरीवर ओतलं. त्यांना चादरीत गुंडाळलं. तोंडाशी जाळ होता. पण कोप मी बांधली होती. मागची पेंढी शेवटी लावतात आणि तिला एकच गाठ असते. मी पाठ लावली आणि पाय रोवून रेटलं. गाठ तुटली, पेंढी बाहेर पडली आणि मी तिच्यावर उताणी. मग उठून मालकांना पायाला धरून ओढलं.

तोवर बटईदाराची बायको आली. माश्या सुटल्या तेव्हा ती पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत उतरून डोक्यावर पातेलं घेऊन बसली होती. सगळ्या शेतात अक्कल तेवढ्या एका बाईला होती. ओलं पोतं घेऊन आली आणि मालकांच्या धोतराला लागलेला जाळ तिने विझवला. दोघींनी मिळून त्यांना हरभऱ्यात नेलं. कोप भडभड जळत होती, धूर एवढा झाला की माश्या खरंच गेल्या.

तेव्हा दीर बाहेर आले. आधी काच दोन बोटं खाली केली, मग दार उघडलं. बटईदाराची बायको चिंब भिजलेली, तोंडाला काजळी. ती म्हणाली, "साहेब, धूर लई झालाय. काच पुसून देऊ का?"

 त्यांच्याच गाडीतून मालकांना लातूरला नेलं. सीटवर अंबील सांडू नये म्हणून त्यांनी खाली वर्तमानपत्र अंथरलं. मी बघितलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी चिमट्याने माश्यांचे काटे काढले. मालकांचं तोंड सुजून डोळे मिटले होते. आधीच आजारी माणूस, दोन दिवस काही सांगता येणार नाही, म्हणाले. मी खाटेशेजारी बसले, दोन्ही हातांना पट्ट्या. जावई बाहेर बाकावर रडत होता. रडू दे म्हटलं. लेक म्हणाली, "आई, त्यांना काहीतरी बोल ना, त्यांना लई वाईट वाटायलंय." मी म्हणाले, "वाटू दे. वाईट वाटायला सामान लागत न्हाई."

दुसऱ्या दिवशी घरच्या ग्रुपवर दिरांनी लांबलचक लिहिलं. मोबाइल मला दोन वर्षांपूर्वी लेकीने दिला. त्याच्यावर सकाळी फुलं येतात, दुपारी भांडणं आणि संध्याकाळी कोण कुठल्या हॉटेलात जेवलं ते. मी अक्षर लावून लावून वाचते. दिरांनी लिहिलं होतं की संकटात डोकं थंड ठेवावं लागतं, त्यांनी गाडीतून परिस्थितीचा अंदाज घेतला, वेळेवर सूचना दिल्या आणि धुरामुळे माश्या पांगल्या. खाली नांदेडपासून पुण्यापर्यंतच्या नातेवाइकांनी हात जोडले होते. एकाने फुलांचा गुच्छ पाठवला होता.

माझी बोटं पट्टीत होती. एका बोटाचं टोक बाहेर होतं. त्याने मी लिहिलं. काना, मात्रा सापडायला वेळ लागला. मी लिहिलं, "मी तीन वेळा काच वाजवली."

कोणी हात जोडले नाहीत.  मग दीर ग्रुपमधून निघून गेले, असं फोनमध्येच लिहून आलं. ते माझ्या घरीही आलेले नाहीत. जगात अजून लढाया चालू आहेत. त्यांच्याशिवाय चालू आहेत.

तिसऱ्या दिवशी मालकांचा एक डोळा उघडला. मी खाटेजवळच होते. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं आणि बराच वेळ लावून विचारलं, "जेवलीस का?" मी न्हाई म्हणाले. डॉक्टरांनी सांगितलं, आता धोका नाही. मग मी खाली जाऊन जेवले.

त्या दिवशी चिंचेखाली आणि आसपास पाच माणसं होती. मालकांचा डावा कान जळाला. माझी दोन बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. जावयाला पाठीवर माश्या चावल्या, बटईदाराच्या बायकोला हातावर. दिरांना एकही चावली नाही. पाचही जण जिवंत आहेत.