टिकलीखालचा डाग

कपाळावर टिकलीखाली पांढरा डाग दिसला तेव्हा तो तिळाएवढा होता. मी वर जरा मोठी टिकली लावली. डाग वाढला, टिकली वाढली. शेवटी ती एवढी झाली की नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावर एसटीवाले लाल दिवा समजून ब्रेक मारू लागले.

घरात निदानाला तोटा नव्हता. काकू म्हणाली शिबं, बाबा म्हणाले बिब्बा लागला असेल. शेजारणीनं लांबूनच कोड ठरवलं आणि माझी दोन स्थळं परत गेली. आता आईला घोर लागला तो धाकटीचा.

"अकोल्याले जाऊन दाखवून ये, बाई," एक दिवस ती म्हणाली आणि स्वतः डबा बांधून दिला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

जुन्या शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी टिकली काढली. डाग खरवडून पाहिला. कोंडा निघेना, म्हणजे शिबं नाही. डोळे मिटायला लावून कापूस फिरवला, मला कळला, म्हणजे कुष्ठ नाही. अंगावर दुसरा डाग नव्हता.

"हे टिकलीच्या गोंदानं झालं," त्या म्हणाल्या. "झाकाले जे लावून राहिल्या, त्यानंच वाढून राहिलं. टिकली बंद. मलम देते. रंग येईन हळूहळू, कदाचित नाही बी येणार."

परतीच्या एसटीत मी कंडक्टरपासून कोणाच्या तरी बकरीपर्यंत सगळ्यांना कपाळ दाखवलं.

घरी ओट्यावर पाहुण्यांचे कप होते. धाकटीनं नवी साडी अजून सोडली नव्हती.

"पाहुणे येऊन गेले. पसंत हाय," आई म्हणाली.

"अन् माह्याबद्दल काय सांगतलं?"

"एकच पोरगी हाय म्हटलं."

"कोड नाही माय, गोंद हाय." मी कपाळ पुढे केलं. तिनं पाहिलंच नाही.

"आता बोलून बसलो. साखरपुड्यात चुलत बहीण म्हणून ये."

मी धाकटीकडे वळले. "तुले ठाऊक होतं?"

"लग्न झालं की सांगू नं, ताई," ती पदराची पिन काढत म्हणाली.

साखरपुड्याला मी गेले. मुलाच्या आईनं विचारलं, "या कोण?" आजवर मी गावाला वाघाशी कुस्ती खेळल्याचं पटवलंय, पण तेवढंसं खोटं तोंडातून निघेना.

"चुलत बहीण हाय आमची," धाकटीच म्हणाली. पापणीही न लववता. इतकी सफाई मला कधी साधली नाही.