सनईच्या पुढे संबळ

माझा भाऊ सनई वाजवायचा आणि मी त्याच्या मागे संबळ. मागे म्हणजे अगदी मागेच. आमच्या धंद्यात सनई वाट काढते आणि संबळ त्या वाटेने चालतो. त्यामुळे जळगावच्या पंचक्रोशीतली सगळी लग्नं मी पाहिली ती भावाच्या पाठीआडून. नवरी गोरी की सावळी, हे मला घरी आल्यावर बायको सांगायची. कधी हात शिवशिवले आणि मी एखादा ठेका आधी घेतला, की भाऊ सनई तोंडातून न काढता डोळे वटारायचा. लग्न उरकल्यावर मग तोंडाचा पट्टा सुटायचा. "लहान्या, तू मांगं राह्य! नवरदेवाच्या पुढं घोडं जाते, सनईच्या पुढं कोनीच नाही!"

मी काही गप्प ऐकून घेणाऱ्यातला नाही. मीही चार सुनवायचो. असोद्याला आमच्या घरापुढून जाणारी माणसं म्हणायची, चला, वाजंत्र्यांचं लग्न वाजलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तो पुढे आणि मी मागे. स्वराज्य यायच्या आधीची, कापसाला बरे दिवस होते तेव्हाची ही गोष्ट.

भावाची बायको लवकर गेली. पोरंबाळं नव्हती. माझी पोर त्याच्याच मांडीवर वाढली. मला ती नाना म्हणायची आणि त्याला आबा, पण हट्ट सगळा आबांकडे. भाऊ फुंकायची पत्ती ओली करून सनईला लावायला बसला, की ही त्याच्या गुडघ्याला टेकून बसायची आणि तो जे वाजवेल ते गुणगुणायची. मी बाप, मला कोण विचारतो!

मग भाऊ विसरायला लागला. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. पायात जोडे घालून घरभर जोडे शोधायचा. जेवून हात धुतला, की ओट्यावर बसून मोठ्याने विचारायचा, "आज जेवन नाही का?" माझी बायको कानकोंडी व्हायची. शेजारणी म्हणायच्या, बिचाऱ्या दिराला उपाशी ठेवते. जळगावच्या डॉक्टरला दाखवलं. त्याने नाडी पाहिली, जीभ पाहिली, एक कडू बाटली दिली आणि म्हणाला, म्हातारपण आहे. अरे, एवढं तर मलाही दिसत होतं! गावात म्हातारचळ म्हणाले. एक दिवस त्याने माझ्या पोरीकडे टक लावून पाहिलं आणि मला विचारलं, "ही कोनाची पोर रे?"

पोर हसली. "तुमचीच, आबा," म्हणाली, आणि आत जाऊन चुलीपुढे रडली. मी पाहिलं ते.

तरी वाजवणं चालू होतं, कारण बोटं विसरली नव्हती. घोळ व्हायचा तो कुठे काय वाजवायचं याचा. आमच्यात प्रत्येक विधीची चाल ठरलेली. हळदीची निराळी, नवरदेव मारुतीच्या पारावरून मांडवात येतो तेव्हाची निराळी, अक्षता पडल्यावरची निराळी आणि पोरीच्या पाठवणीची तर पार निराळी. एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरचं लग्न होतं. नवरदेव घोड्यावर बसून पारावरून निघाला, आणि आमच्या भावाने पाठवणी धरली! मी संबळ जोरात बडवला, खाकरलो, मागून कोपर मारलं. हा आपला डोळे मिटून रंगात आलेला. नवरदेव अजून घोड्यावर, आणि मांडवाच्या दारात नवरीच्या आईने सवयीने डोळ्यांना पदर लावला. तिचं पाहून दुसऱ्या बायाही मुसमुसायला लागल्या. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं आणि एकच गदारोळ झाला. अपशकुन! अभद्र! आमच्या हातात नारळ देऊन आम्हाला वाटेला लावलं.

ही बातमी आमच्याआधी असोद्याला पोचली. त्यानंतर लग्नाचं बोलावणं म्हणून आलं नाही. भाऊ रोज सकाळी फेटा बांधून ओट्यावर बसायचा आणि विचारायचा, आज कोणाकडे जायचं? कोणाकडेच नाही, हे सांगायला माझी जीभ रेटायची नाही. म्हणायचो, येतील बोलवायला. तो दिवसभर फेट्यासकट बसून राहायचा.

असाच एकदा मी अंगणात संबळ उन्हात तापवत होतो. कातडं ताणलं की नाही पाहायला काठ्या घेतल्या आणि सहज हळदीचा ठेका धरला. माझी पाठ भावाकडे होती. मागून सनई आली. हळदीचीच! पहिल्या सुरापासून शेवटच्या फिरकीपर्यंत, एक जागा चुकली नाही. मी थांबलो तसा तोही थांबला आणि भडकला, "लहान्या, पुढं कायले जाऊ राह्यला? मांगं राह्य!"

मी मुद्दाम अक्षतांचा ठेका धरला. शिव्या देत देत त्याने सनई उचलली आणि अक्षतांची चाल सुरू केली. मी पारावरचा धरला, तो पारावर आला. मला हसू आवरेना आणि डोळ्यांना पाणीही आवरेना. म्हणजे वाट हरवली होती, चालणं नव्हतं हरवलं. कोणीतरी पुढे व्हायला पाहिजे होतं एवढंच. आणि तो कोणीतरी मी, ज्याला जन्मभर मागे राहा, मागे राहा म्हणून दटावलं!

याच सुमारास पोरीला धुळ्याचं स्थळ आलं. घर वाजवणाऱ्यांचंच, पण नव्या तऱ्हेचं. मुलाच्या बापाचा पितळी वाद्यांचा बँड होता. लाल डगले, सोनेरी काठ, चकचकीत कर्णे. सोयरीक ठरली, सुपारी फुटली. मग व्याह्यांच्या कानावर ती पाठवणीची गोष्ट गेली आणि ते स्वतः असोद्याला आले. ओट्यावर फेटा बांधून बसलेल्या भावाकडे त्यांनी नीट पाहिलं आणि माझ्याकडे वळून आपल्या अहिराणीत म्हणाले, "म्हातारानं डोकं ठिकाणवर नही शे. लगीनमा आमनाच बँड वाजी."

माझं टाळकं सटकलं होतं, पण मुलीचा बाप. त्यांच्यापुढे पानाचं तबक सरकवलं. दाराआडून पोर मात्र बाहेर आली. होणाऱ्या सासऱ्यासमोर, डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून, पण आवाज खणखणीत. "माझ्या लग्नात आबा वाजवतील. नाहीतर मी बोहल्यावर चढणार नाही."

बायकोने कपाळाला हात लावला. मला वाटलं, झालं, मोडलं लग्न. व्याह्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या फेट्याकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, ठीक आहे. मुलीकडचं वाजप तुमचं. पण बँड मांडवात उभा राहील. एक चाल जरी चुकली, तर म्हाताऱ्याला खाली बसवायचं आणि पुढचं सगळं आम्ही वाजवायचं. भर मांडवात, सगळ्या सोयऱ्यांदेखत. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

लग्न वैशाखात, दुपारच्या मुहूर्ताचं. वऱ्हाड आगगाडीने जळगावला उतरलं आणि तिथून बैलांच्या दमण्या जोडून असोद्याला आलं. त्याआधी सकाळी हळद लागली. मी ठेका दिला, माझ्या मेहुण्याने दुसऱ्या सनईवर सूर धरला, भाऊ वाजला. बिनचूक! मग पारावरून नवरदेव आणायचा होता. मी मुद्दाम भावाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलो आणि ठेका टाकला. "मांगं!" भाऊ गुरगुरला, आणि बरोबर पारावरची चाल उचलली. लाल डगल्यातले व्याही कान टवकारून सगळ्या वाटेवर आमच्या बाजूनेच चालत होते. चूक काही सापडेना. माझी छाती अशी फुगली, की बाराबंदीचे बंद तुटतात की काय!

पण आम्ही काय घोळ घालून ठेवला होता, ते अंतरपाट धरल्यावर कळलं. भटजींनी हाक दिली, "मुलीचा मामा!" मामा पोरीच्या मागे उभा राहायला पाहिजे. मामा म्हणजे माझा मेहुणा. त्याने सुराची सनई खाली ठेवली आणि गेला. पुन्हा हाक, "मुलीचा बाप कुठे आहे? असे पुढे या!" मी संबळ ठेवला आणि गेलो. जन्मभर लोकांच्या लग्नात वाजवलं, पण घरच्या लग्नात आपले हात रिकामे नसतात, हे आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. अंतरपाटाशी उभं राहून मी वळून पाहिलं. मांडवाच्या कडेला भाऊ एकटा. सनई मांडीवर, नजर मांडवाच्या खांबाकडे. तो कुठे बसला आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

मंगलाष्टकं सुरू झाली. शेवटचं "सावधान" झालं, की त्याच क्षणी वाद्यं कडाडली पाहिजेत. त्यात खंड पडला तर अशुभ. आता मध्येच जागा सोडता येईना, कोणाला सांगता येईना. बँडवाल्यांनी कर्णे ओठांशी नेले. पोर समोरचा अंतरपाट सोडून मान वळवून आबांकडे बघत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. भाऊ चुकला असता, तर त्याचं हसं झालं असतं आणि पुन्हा कधी त्याच्या हातात कोणी सनई राहू दिली नसती. मग तो फक्त एक म्हातारा उरला असता.

"सावधान!" अंतरपाट ओढला गेला. अक्षता उडाल्या. मांडवात शांतता.

माझ्या बायकोच्या हातात अक्षतांची पितळी परात होती. मी ती हिसकली, उरलेल्या अक्षता भटजींच्या अंगावर सांडल्या तर सांडल्या, परात पालथी काखेत मारली आणि दोन्ही तळव्यांनी ठेका सोडला. मुलीचा बाप, डोक्याला लग्नाचा फेटा, खांद्यावर शेला, आणि परात बडवतोय! वऱ्हाड आ वासून पाहत राहिलं. "अरे बाप्पा, यालेही चळ लागला की काय?" मागे कोणी म्हणालं. मी बडवतच राहिलो.

आणि सनई आली.

काय वाजला भाऊ त्या दिवशी! मी जन्मभर त्याच्या मागे उभा राहिलो, पण असा वाजलेला ऐकला नव्हता. समोरून पाहायलाही पहिल्यांदाच मिळत होतं. मिटलेले डोळे, फुगलेले गाल, आणि त्या बोटांत कसलीही शंका नाही. परातीचा पत्रा थरथरत होता आणि मी उघड उघड रडत होतो. मध्येच त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि वटारले. मी जास्तच जोराने बडवलं.

बँडवाल्यांनी कर्णे तोंडाला लावलेलेच होते. व्याह्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग ते गर्दीतून वाट काढत आले, मेहुण्याने खाली ठेवलेली सुराची सनई उचलली, आणि सोनेरी काठाच्या त्या लाल डगल्यासकट भावाच्या पायाशी मातीत बसले. सूर धरणं हे शिकाऊ माणसाचं काम. धुळ्याच्या बँडच्या मालकाने भर मांडवात ते धरलं, आणि भाऊ थांबेपर्यंत सोडलं नाही.

चाल संपली तेव्हा आधी कोणी हललंच नाही. मग मांडवात जो काही ओरडा झाला! बाया, पोरं, वऱ्हाडी, आचारी, सगळे. व्याही उठले आणि भावाच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाले, "आबा, चुकनू मी." भाऊ त्यांच्याकडे पाहतच राहिला. हा लाल डगल्याचा शिपाई कोण, असं काहीतरी त्याच्या मनात असावं. मग माझ्याकडे वळून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लहान्या, लय घाई करू राह्यला तू!" मांडव हसून लोळला. पोर बोहल्यावरून हसत होती आणि तिचं काजळ गालांवर उतरलं होतं.

नंतरची पाठवणीही त्यानेच वाजवली. या खेपेला बाया रडल्या त्या हक्काने.

वऱ्हाड गेलं. मांडवात फक्त चुरगळलेल्या पत्रावळी आणि आम्ही. पोर गेल्यामुळे घर खायला उठलं होतं. भाऊ माझ्याजवळ येऊन बसला.

"आज कोनाचं लगन होतं रे?"

"आपल्या पोरीचं, भाऊ."

"अन् वाजवलं कोनं?"

"तू."

"मी?" त्याचा विश्वास बसेना. त्याने आपली बोटं उलटसुलट करून पाहिली आणि हळूच विचारलं, "बरं वाजवलं का?"

आमच्या घरात तोंडावर कौतुक करायची रीत नव्हती. मी त्याला कधी चांगलं वाजवलंस म्हटलं नव्हतं आणि त्यानेही मला. त्या संध्याकाळी मी सगळं सांगितलं. मांडव कसा गप्प झाला, परात कशी बडवली, बँडवाला मातीत बसला, पायांवर डोकं ठेवलं. ऐकता ऐकता म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला, की काय सांगू! "खरंच?" म्हणाला. "देवाशपथ," मी म्हणालो.

दिवेलागणीला त्याने पुन्हा विचारलं, आज कोणाचं लगन होतं? बायको म्हणाली, आता पुरे, किती वेळा सांगाल? पण मी पुन्हा सांगितलं, आणि त्याचा चेहरा पुन्हा तसाच उजळला. अशी बातमी माणसाला जन्मात एकदा मिळते, आणि तीही नशीब असेल तर. माझ्या भावाला ती पुढे मरेपर्यंत रोज मिळाली, आणि रोज पहिल्यांदा मिळाली. मीही रोज पहिल्यापासून सांगायचो, एक शब्द गाळायचो नाही.